अर्थ आमचा, तोंड दुसऱ्याचे

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या माणसाला तीन शब्द जन्मभर पुरतात : ‘शायर कहता है’. शेराची तशरीह लिहायची, म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगायचा, तर सुरुवात याच शब्दांनी. मराठी शाळेतल्या मुलांना ‘कवी म्हणतो की’ जसे तोंडपाठ असते, अगदी तसेच. आम्ही हेच तीन शब्द लिहीत पास झालो, बी.एड. करून मास्तर झालो आणि आता मुलांकडूनही तेच लिहून घेतो. शायर खरोखरच तसे म्हणतो का, हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्हाला पडला नव्हता. तो पडला एका इंग्रजी गाण्यामुळे, आणि पडला तो नीतीचा प्रश्न म्हणून. त्याचीच हकीकत येथे सांगायची आहे.

गोष्ट २०१९ च्या पावसाळ्यातली, गोंदिया जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेतली. शाळेचे नाव सांगत नाही. असे कुठल्याही शाळेत घडू शकते. नववीतल्या एका मुलाने डब्याच्या सुट्टीत मोबाइलवर गाणे लावले. मोबाइल आणायला बंदी होती, हा पहिला गुन्हा. गाणे होते क्वीन या इंग्रजी रॉक मंडळीचे, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. त्याच नावाचा सिनेमा २०१८ साली आला होता आणि गाणे पोरांच्या मोबाइलमधून फिरत होते. या गाण्याच्या मध्यावर एकदम खूपसे आवाज भांडू लागतात. त्या गोंगाटात स्पष्ट ऐकू येतो एक शब्द, ‘बिस्मिल्लाह’, आणि त्याच्या पाठोपाठ नकाराचा शब्द. पोरांना त्या भांडणाचे हसू येत होते. तेवढ्यात एक ज्येष्ठ शिक्षक तेथून चालले होते. बिस्मिल्लाह, नकार आणि हसणे या तीन गोष्टी त्यांच्या कानांवर एकापाठोपाठ एक पडल्या.

ते संतापले, आणि त्यात आम्हाला आजही नवल वाटत नाही. ज्या शब्दाने घास उचलायचा, दुकान उघडायचे, बाळाला पहिले अक्षर शिकवायचे, तो शब्द खिदळण्यात ऐकला की माणसाला लागतेच. दुपारपर्यंत मोबाइल कपाटात गेला. ‘तौहीन’ हा शब्द शिक्षकांच्या खोलीत दोनतीनदा उच्चारला गेला. दाखला हातात देऊन टाकावा, असेही कुणी बोलले. पालक म्हणून मुलाचा मामा आला. राइस मिलमधून तसाच उठून आला होता. डोक्यावर, शर्टावर कोंडा. ‘बच्चा है साहब, माफ कर दो,’ एवढेच तो म्हणत होता. कशाची माफी मागतो आहोत हे त्याला कळले होते असे वाटले नाही.

मुख्याध्यापक मनाने मऊ होते. त्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही इंग्रजी शिकवतो आणि इंग्रजी गाणीही ऐकतो, हे सर्वांना ठाऊक. ‘मास्टरसाब, इस गाने का मतलब एक कागज पे लिख के दे दो. अपने को जवाब देना पडता.’

आम्ही लिहून दिले. पानभर उर्दूत, आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली, ‘गायक कहता है’. गायक सांगतो की एका तरुणाच्या हातून खून झाला आहे. तो आईजवळ रडतो, पस्तावतो. सैतान त्याला ओढतो आहे. अशा वेळी तो अल्लाहचे नाव घेतो, तौबा करतो. जे आवाज नकार देतात ते सैतानाच्या साथीदारांचे आहेत. मुख्याध्यापकांनी वाचून कागद पुढे सरकवला. ज्येष्ठ शिक्षकांनी दोनदा वाचला आणि हळूच ‘सुभानअल्लाह’ म्हटले. मामाच्या सहीवर मोबाइल परत मिळाला. मुलगा वाचला.

आम्ही मात्र त्या रात्री स्वस्थ झोपलो नाही. कारण गायकाने असे कधीही, कुठेही म्हटले नव्हते आणि ते आम्हाला ठाऊक होते.

वाचकांना रॉक म्हणजे केस वाढवलेली माणसे आणि कानठळ्या एवढेच आठवत असेल, तर दोष त्यांचा नाही. आमचीही ओळख अशीच योगायोगाने झाली. बी.एड.च्या काळात मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. कव्वाली आणि जुनी फिल्मी गाणी मागितली, तर दुकानदाराने वर शंभरेक इंग्रजी गाणीही ओतून दिली. साठ-सत्तरच्या दशकांतली ती गाणी आम्ही अर्धी समजून, अर्धी न समजून ऐकत गेलो.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा गायक फ्रेडी मर्क्युरी. वाटतो तितका तो आपल्याला परका नाही. त्याचे खरे नाव फारुख बलसारा. गुजरातमधून गेलेल्या पारशी कुटुंबात ५ सप्टेंबर १९४६ रोजी तो झांजिबारला जन्मला. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवले ते आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पियानो तो तेथे शिकला. शाळेतल्या पाच पोरांनी ‘हेक्टिक्स’ नावाची मंडळी काढली, तीत तो वाजवी. पुढे १९६४ च्या उठावानंतर कुटुंब झांजिबार सोडून इंग्लंडला गेले. झांजिबार हे बहुसंख्य मुसलमानांचे बेट. तेथल्या गल्लीत वाढलेल्या पोराच्या कानांवर बिस्मिल्लाह पडला नसेल असे होणेच नाही.

गाणे बाहेर आले ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी. लांबी सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण वाजवणार, असे कंपनीला वाटत होते. ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यात आईला घातलेली हाक आहे, खुनाची कबुली आहे, गॅलिलिओ आहे, फिगारो आहे, बील्झेबब हे सैतानाचे नाव आहे आणि बिस्मिल्लाह आहे. याचा अर्थ काय, हे फ्रेडीला लोकांनी शेवटपर्यंत विचारले. त्याने सांगितले नाही. ऐकणाऱ्याने आपले आपण ठरवावे, एवढेच तो म्हणे. तीन वर्षांनी, १९७८ साली, ‘जाझ’ या तबकडीत त्याने पहिलेच गाणे घातले ‘मुस्तफा’. त्यात अल्लाहचे नाव येते आणि बाकी बरेचसे शब्द नुसते अरबी वळणाचे. म्हणजे या शब्दांचा त्याला नाद होता हे खरे. श्रद्धा होती असे मात्र यावरून कुणालाही म्हणता येणार नाही.

हे सर्व ठाऊक असूनही आम्ही ‘गायक कहता है’ लिहिले होते.

पुढे बीबीसीची एक जुनी बातमी वाचनात आली आणि आम्हाला घाम फुटला. २००४ साली इराणमध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे विकायला परवानगी मिळाली. तिच्यासोबत गाण्यांचे अर्थ सांगणारे पत्रक होते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’विषयी त्यात लिहिले होते ते असे : तरुणाच्या हातून चुकून खून होतो, तो आत्मा सैतानाला विकतो आणि फाशीच्या आदल्या रात्री देवाचे नाव घेऊन तो परत मिळवतो. जवळजवळ आमचाच कागद! आम्ही तो पाहिलेला नव्हता. पण तेहरानमध्ये काय आणि गोंदियात काय, परिस्थिती एकच होती. एक दार होते, दारात पहारा होता आणि गाण्याला आत सोडवून घ्यायचे होते. गरज सारखी असली की अर्थही सारखाच सुचतो.

येथपर्यंतचे ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, ‘एका पोराचं वर्ष वाचलं. कुणाचं नुकसान झालं? गायक तर १९९१ मध्येच वारला.’ आम्हीही काही महिने मनाची हीच समजूत घालत होतो. पुढच्या जानेवारीत स्नेहसंमेलनाचे हस्तलिखित तपासायला हातात आले. आठवीतल्या एका मुलीने सुंदर अक्षरात लेख लिहिला होता. त्यात म्हटले होते की, जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी याने मरणापूर्वी तौबा केली आणि कलमा पढला. आम्ही तिला बोलावून विचारले, ‘बेटा, हे कुठे वाचलंस?’ तिने भाबडेपणाने सांगितले, ‘सर, तुम्हीच लिहून दिलंय ना. सगळ्यांनी वाचलंय.’

आमचा कागद मुख्याध्यापकांच्या फायलीतून बाहेर पडून शाळाभर फिरला होता आणि फिरता फिरता वाढला होता.

वाचकहो, अशी वाढलेली गोष्ट आपल्या मोहल्ल्यांना नवी नाही. नील आर्मस्ट्राँगला चंद्रावर अजान ऐकू आली आणि परत येऊन त्याने इस्लाम कबूल केला, हे आपण किती वाजांत आणि किती लग्नांच्या पंगतींत ऐकले आहे! आमच्या लहानपणी तर तो सामान्यज्ञानाचा भाग होता. ही अफवा इतकी पसरली की १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना लेखी कळवावे लागले की असे काहीही घडलेले नाही. आर्मस्ट्राँगने स्वतः नाकारले, तरी अफवा थांबली नाही. का थांबली नाही? आपले नाव कुणी मोठ्या माणसाने घ्यावे, आपला शब्द दूरच्या आभाळातून ऐकू यावा, ही भूक त्यामागे आहे. भूक खोटी नाही. दररोज वर्तमानपत्रात आपल्याविषयी जे वाचावे लागते, ते वाचून ती वाढते. पण भूक खरी आहे म्हणून चोरीचे अन्न हलाल होत नाही.

आणि ही चोरीच होती. फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी लंडनमध्ये वारला. त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी, त्यांच्या रीतीने केले. आईवडिलांच्या धर्मात जन्मलेला मुलगा त्याच धर्माच्या प्रार्थनांनी निरोप घेऊन गेला. आमच्या शाळेतल्या हस्तलिखिताने ते त्याच्यापासून काढून घेतले. आपल्या एखाद्या मरहूम माणसाविषयी कुणी लिहिले असते की हा शेवटच्या घटकेला आमच्या धर्मात आला होता, तर आपल्याला काय वाटले असते? शेख महंमदांविषयी असे होतच आले आहे. श्रीगोंद्याच्या या मुसलमान संताने सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. तेव्हापासून ‘तो आमचा की तुमचा’ हा वाद काही संपत नाही. जिवंत माणूस निदान ‘नाही’ म्हणू शकतो. मेलेल्याच्या तोंडी काहीही घालता येते, म्हणून तेथे जपावे लागते.

मग काय, गाण्यातून आपला अर्थ काढूच नये? ते तर शक्य नाही. अर्थ काढल्यावाचून कान ऐकतच नाहीत.

लेड झेपलिन या मंडळीचे १९७५ चेच एक गाणे आहे, ‘काश्मीर’. मेमरी कार्डात हे नाव दिसले तेव्हा आम्ही जरा जपूनच ऐकायला घेतले. आमच्या पिढीला काश्मीर म्हटले की संचारबंदी, बर्फ आणि बातमी आठवते. आम्ही त्या जड, पावलापावलाने पुढे सरकणाऱ्या चालीत फौजेचे बूट ऐकले. पुढे वाचले तेव्हा कळले की रॉबर्ट प्लँटने ते शब्द लिहिले १९७३ मध्ये मोरोक्कोच्या दक्षिणेतल्या वाळवंटातल्या लांबच लांब रस्त्यावर. मंडळीतला एकही जण तोवर काश्मीरला गेलेला नव्हता. बूट आम्ही घेऊन गेलो होतो. तरीही आज ते गाणे लागले की आम्हाला बूटच ऐकू येतात. ज्ञानाने कान बदलत नाहीत. ज्ञानाने एवढेच कळते की हा आवाज गाण्याचा नाही, आपला आहे.

दुसरे, ‘लैला’. एरिक क्लॅप्टनचे १९७० चे गाणे. लैला-मजनूची गोष्ट उर्दू शाळेतल्या पोराला वेगळी शिकवावी लागत नाही. बाराव्या शतकातल्या निजामी गंजवीच्या काव्याची गोष्ट क्लॅप्टनला एका मित्राने सांगितली. तो मित्र, इयन डॅलस, मुसलमान होऊन अब्दुल कादिर अस-सूफी झाला. क्लॅप्टन तेव्हा आपला दोस्त जॉर्ज हॅरिसन याच्या बायकोवर, पॅटी बॉइडवर, जीव लावून बसला होता. नाव निजामीचे, आग क्लॅप्टनची. आपले सूफी लैलाच्या नावाआड परमेश्वर पाहतात. त्याने दोस्ताची बायको पाहिली. आम्हाला ते ऐकताना प्रथम राग आला. मग वाटले, त्याने निजामीच्या तोंडी तर काही घातले नाही. त्याने गोष्ट घेतली आणि आपले दुःख आपल्या नावावर गायले. नीतीने तो चुकला असेल, पण या बाबतीत आमच्यापेक्षा प्रामाणिक होता.

आणि तिसरे, कॅट स्टीव्हन्सचे ‘फादर अँड सन’. हेही १९७० चे. बाप म्हणतो थांब, मुलगा म्हणतो मला जायचे आहे. मुळात ते रशियन क्रांतीवरच्या एका संगीतनाटकासाठी लिहिले होते. मुलाला क्रांतीत जायचे होते. ते नाटक झाले नाही, गाणे राहिले आणि घराघरातल्या भांडणाला जाऊन चिकटले. विशीत आम्ही ते ऐकले तेव्हा आम्हाला फक्त मुलाचा आवाज ऐकू येई. आम्हाला पुण्याला जायचे होते, अब्बांचे म्हणणे होते की गोंदियातच नोकरी बघ. बापाचे कडवे आले की आम्ही चक्क गाणे पुढे ढकलत असू. आज घरात आमचा दहा वर्षांचा मुलगा आहे. कान आपोआप बापाच्या कडव्याशी जाऊन बसतात, आणि कळते की तो माणूस आडकाठी करत नव्हता, घाबरला होता. अब्बा आता नाहीत. हा अर्थ त्यांना सांगायचा राहून गेला.

खुद्द गाणाऱ्याचेही असेच झाले. कॅट स्टीव्हन्सने १९७७ मध्ये इस्लाम स्वीकारला, तो युसूफ इस्लाम झाला. अनेक वर्षे त्याने अशा गाण्यांकडे पाठ फिरवली आणि २००६ मध्ये नवी तबकडी घेऊन तो परत आला. २०२० मध्ये त्याने हेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. त्यात बापाचे शब्द त्याने म्हाताऱ्या आवाजात गायले आणि मुलासाठी स्वतःचाच १९७० चा आवाज घातला. पन्नास वर्षांत ज्याने गाणे रचले त्याचीही बाजू बदलली. मग ‘गायक कहता है’ यातला गायक नेमका कोणत्या वर्षाचा?

आमच्या विद्येत याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर, म्हणजे गाणे ऐकण्यावर, एक प्रकरणच लिहिले. ते सांगतात की ऐकणाऱ्याने कवीचाच हेतू धरला पाहिजे असे नाही. प्रत्येकजण आपल्या अवस्थेप्रमाणे समजतो. ते एका फारसी माणसाचे उदाहरण देतात. अरबी ओळ गायली जात होती आणि तीत ‘भेटीला येणे’ अशा अर्थाचा शब्द होता. तो ध्वनी फारसी कानाला ‘आपण दीन, नाशाला टेकलेले’ असा ऐकू आला आणि माणूस आखिरतच्या भयाने हादरून गेला. ओळीत तसे काहीच नव्हते. गझाली त्याला हसत नाहीत; त्याचे हादरणे खरे मानतात. बगदादच्या शिबलींची गोष्टही अशीच. बाजारात काकडीवाला ओरडत होता, पैशाला दहा खियार. अरबीत खियार म्हणजे काकडी आणि खियार म्हणजे निवडक चांगली माणसेही. शिबली ओरडले, चांगल्यांची ही किंमत, तर आमच्यासारख्या वाइटांचे काय होणार!

या गोष्टी आम्ही पूर्वीही वाचल्या होत्या. पण त्यातली एक बारीक गोष्ट आता ध्यानात आली. शिबलींनी काकडीवाल्याला मोठा सूफी ठरवले नाही. त्याने काकड्या विकल्या, हे रडले. अर्थ त्यांचा होता आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घेतली. गझालीही सावध करतात की कच्च्या माणसाने गाण्यातली वाटेल ती गोष्ट अल्लाहवर लावू नये, त्यात ईमानाला धोका आहे. म्हणजे अर्थ काढण्याची मुभा आहे. तो दुसऱ्यावर लादण्याची नाही. सहीह बुखारीची पहिलीच हदीस नियतीविषयी आहे. आम्ही ती वर्गात शिकवतो. दुसऱ्याची नियत आपण लिहून देणे म्हणजे काय, याचा विचार मात्र केला नव्हता. ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, गायक टिंगल करतो. आम्ही म्हणालो, गायक तौबा करतो. आमचे म्हणणे दयेचे होते, त्यांचे रागाचे. पण लबाडी एकाच जातीची होती.

हे इतके झाल्यावर आम्हाला आठवले की ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, त्या मुलाला आम्ही एकदाही विचारले नव्हते.

सुट्टीत त्याला बोलावले. तो आधी घाबरला. मग म्हणाला, ‘सर, पूरे गाने में दोच लफ्ज समझे थे. मामा और बिस्मिल्लाह.’

‘कौन मामा?’

‘मामा, सर. अम्मी का भाई. वो लडका फंस गया ना, तो मामा को बुला रहा.’

गायक ज्या शब्दाने आईला हाक मारतो, तो या पोराने आपला मामा म्हणून ऐकला होता. आम्ही जरा थांबून विचारले, ‘और बिस्मिल्लाह कौन बोला?’

‘मामा बोला होगा. आया ना उसका मामा.’

मुलाची आई तो पाचवीत असताना वारली. तेव्हापासून तो मामाकडेच राहतो. तोच मामा, जो त्या दिवशी अंगावरच्या कोंड्यासकट धावत आला होता आणि कशाची ते न कळता माफी मागत होता.

आम्ही पानभर तशरीह लिहिली होती ती एका गाण्याची. मुलाने दुसरेच गाणे ऐकले होते. आणि खरे सांगायचे तर त्या फारसी माणसासारखे, त्याच्या अवस्थेप्रमाणे, त्याने अगदी बरोबर ऐकले होते.

त्या मुलीचा लेख आम्ही तिच्यासमोर बसून दुरुस्त केला आणि चूक तिची नाही, आमची आहे, हे वर्गात सांगितले. मास्तराने असे सांगणे सोपे नसते. मागच्या बाकावर हसू उमटले, ते सहन केले. मग मुख्याध्यापकांकडून तो कागद मागून घेतला. खाली लिहिले, ‘यह मतलब मेरा है, गायक का नहीं’, आणि तारीख घालून सही केली.

ज्येष्ठ शिक्षक तेथेच बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. ‘तो फिर, मास्टरसाब, मेरा जो मतलब था वो भी मेरा. वो भी सही?’

प्रश्न टोचणारा होता आणि रास्त होता. आम्ही म्हणालो, ‘जनाब, तुम्हाला लागलं ते खरं. तुमचा शब्द हसण्यात ऐकून तुम्ही उठून जाऊ शकत होता, पोरांना समजावू शकत होता. पण आपल्या अर्थावर आपण रडू शकतो, तौबा करू शकतो. आपल्या अर्थावर दुसऱ्याचा दाखला कसा कापायचा?’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘फैसला तो करना पडता ना. स्कूल है.’

यावर आमच्याजवळ पुरे उत्तर नव्हते, आजही नाही. शाळेला, घराला, समाजाला निवाडे करावेच लागतात आणि प्रत्येक वेळी गायकाला विचारायची सोय नसते. पण समोर उभ्या असलेल्या पोराला विचारायची सोय जवळजवळ नेहमीच असते. एवढे तरी आम्ही करायला हवे होते. कागद लिहायच्या आधी, पहिल्याच दिवशी. तेव्हा खरे लिहिले असते, तर मुलगा वाचला असता का, हे आम्हाला सांगता येत नाही. कदाचित नसता. म्हणून त्या खोट्याचा पश्चात्ताप आम्हाला अर्धाच होतो, आणि अर्धा होतो याचीही टोचणी आहेच.

आता आमच्या वर्गात तशरीहचे दोन परिच्छेद असतात. पहिला ‘शायर कहता है’. शब्द काय आहेत, संदर्भ काय, हे नीट शोधून लिहायचे, कारण तो दुसऱ्याची अमानत आहे. दुसरा ‘मुझे सुनाई दिया’. त्याला परीक्षेत गुण नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेले आहे. तरी मुले दुसराच परिच्छेद लांब लिहितात.